वेतन कोणाच्या हाती पडते? : वेतन संहितेच्या पंधराव्या कलमाचे परीक्षण

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि वेतन प्रदान अधिनियम, १९३६ हा जुना कायदा तिच्यात विलीन झाला. ह्या संहितेचे पंधरावे कलम वेतन कोणत्या रूपाने द्यावयाचे ह्याविषयी आहे. कलम लहान आहे. एक मूळ वाक्य आणि त्याला जोडलेले एक परंतुक एवढाच त्याचा विस्तार. वेतन चलनी नाण्यांत अथवा नोटांत, धनादेशाने, कामगाराच्या बँक खात्यावर जमा करून अथवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने द्यावे, असे मूळ वाक्य सांगते. परंतुकाने शासनाला असा अधिकार दिला आहे की, त्याने अधिसूचनेद्वारे नेमून दिलेल्या आस्थापनांत वेतन केवळ धनादेशाने अथवा खात्यावर जमा करूनच दिले जावे. भाष्यकाराने एका परिच्छेदात बोळवण करावी इतके हे कलम सरळ दिसते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पैसा कोणकोणत्या रूपाने देता येईल ह्याची मोजदाद ह्या कलमात आहे. परंतु तो कामगाराच्या ताब्यात आला की नाही हे ठरविण्याची कसोटी त्यात कोठेही नाही. कागदावर ही उणीव जाणवत नाही. श्रीगोंदा तालुक्यातील उसाच्या फडात ती स्पष्ट जाणवते, म्हणून परीक्षणासाठी ते स्थळ घेतले आहे.

प्रथम नियमाचे मूळ पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये १८३१ च्या ट्रक ॲक्टने कारागिरांची मजुरी देशाच्या चलनी नाण्यातच द्यावी असे बंधन घातले. त्यापूर्वी अनेक कारखानदार मालाच्या रूपाने किंवा आपल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांच्या रूपाने मजुरी देत, आणि त्या दुकानातील भावही तेच ठरवीत. नाणे कोणत्याही दुकानात चालते, ते खर्च करताना कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते कोठे खर्च झाले हे मालकाला कळत नाही. ह्या गुणांसाठी कायद्याने नाण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात वेतनातील विलंब आणि दंडाच्या कपाती ह्यांचा विचार केला. त्यानंतर १९३६ चा अधिनियम संमत झाला व २८ मार्च १९३७ पासून तो लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमाने सर्व वेतन चलनी नाण्यांत वा नोटांतच द्यावयास लावले. ह्या कलमाला शब्दशः वाचणारा म्हणेल की ते पैशाच्या रूपाविषयी होते. वस्तुतः ते कामगाराच्या स्वातंत्र्याविषयी होते. त्या काळी ज्या एका रूपात हे स्वातंत्र्य सामावलेले होते त्या रूपाचे नाव कलमात आले, इतकेच.

१९७६ मध्ये ह्या सहाव्या कलमाला परंतुक जोडण्यात आले. कामगाराची लेखी संमती घेऊन वेतन धनादेशाने किंवा त्याच्या बँक खात्यावर जमा करून देण्याची मुभा मालकाला मिळाली. इंग्लंडमध्ये अशीच सवलत १९६० च्या कायद्याने दिली होती, आणि तेथेही कामगाराने तशी लेखी मागणी करणे आवश्यक होते. दोन्ही ठिकाणचे तत्त्व एकच. नाण्याऐवजी दुसरे काही स्वीकारायचे की नाही हे ज्याचे वेतन त्यानेच ठरवावयाचे. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून काढण्यात आल्या आणि त्यानंतर पन्नास दिवसांनी, २८ डिसेंबरला, अध्यादेशाने सहावे कलम बदलले. २०१७ च्या पहिल्याच अधिनियमाने त्यावर संसदेचे शिक्कामोर्तब झाले. ह्या बदलात लेखी संमतीची अट गेली, आणि काही आस्थापनांत रोख वेतन पूर्णपणे बंद करण्याचा अधिकार शासनाकडे आला. २०१९ च्या संहितेने हीच रचना उचलली व तीत ‘इलेक्ट्रॉनिक मार्ग’ एवढी भर घातली.

लेखी संमती गेली म्हणून फार मोठे काही हरपले असे मानण्याचे कारण नाही, असा एक युक्तिवाद आहे व तो अगदीच टाकाऊ नाही. कामावर घेतानाच्या दहा कागदांत एक संमतीपत्र सरकवून त्यावर सही किंवा अंगठा घेणे कोणत्याही मालकाला अवघड नव्हते. ज्याला काम हवे आहे त्याची संमती ही पुष्कळदा औपचारिकच असते. परंतु संमती दुबळी होती म्हणून ती काढावयाची असेल, तर तिच्या जागी अधिक बळकट असे काही ठेवावयास हवे होते. वेतन जमा झाल्यावर ते पूर्णपणे, विनाशुल्क आणि वाजवी अंतरावर कामगाराला मिळाले पाहिजे, असे एखादे वाक्य पुरेसे झाले असते. तसे वाक्य संहितेत नाही. म्हणजे १९३६ च्या कायद्याने रूप सक्तीचे करून स्वातंत्र्य सांभाळले, १९७६ मध्ये रूप सैल झाले तेव्हा संमतीने ते सांभाळले, आणि २०१७ पासून रूपही सैल आहे व संमतीही नाही.

आता ‘इलेक्ट्रॉनिक मार्ग’ ह्या शब्दाकडे वळू. संहितेच्या दुसऱ्या कलमात व्याख्यांची भलीमोठी यादी आहे; तीत ह्या शब्दाची व्याख्या नाही. व्यवहारात पगाराचे कार्ड दोन प्रकारचे असू शकते. एक, कामगाराच्या स्वतःच्या बचत खात्याला जोडलेले डेबिट कार्ड. दुसरे, मालकाने आपल्या पसंतीच्या बँकेकडून घेऊन त्यात पैसे भरलेले कार्ड, ज्यामागे कामगाराच्या नावाचे खाते असेलच असे नाही. पहिले ‘त्याच्या बँक खात्यावर’ ह्या शब्दांत बसते. दुसरे केवळ ‘इलेक्ट्रॉनिक मार्ग’ ह्या मोघम शब्दाच्या आडोशानेच कलमात शिरू शकते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, परंतुकात हा शब्द आलेला नाही. तेथे धनादेश आणि खाते हे दोनच मार्ग आहेत. हा मसुदाकाराच्या लेखणीचा अनवधान असेल, असे कोणी म्हणेल. पण कायद्यात एक शब्द एका वाक्यात असतो व लगतच्या वाक्यात नसतो, तेव्हा तो हेतुपुरस्सर गाळला आहे असे मानणे हीच वाचनाची रास्त रीत आहे. त्या रीतीने पाहता शासनाला खाते सक्तीचे करता येईल, भरलेले कार्ड सक्तीचे करता येणार नाही. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा अर्थ घट्ट धरून ठेवावा.

इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत ‘रेग्युलेशन ई’ ह्या नियमावलीत २००६ मध्ये पगाराच्या कार्डांचा स्पष्ट समावेश झाला. कोणत्याही विशिष्ट बँकेत खाते उघडणे ही नोकरीची अट करता येत नाही, हे तत्त्व त्या नियमावलीत आहे. आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, हे कार्ड स्वीकारण्याचे बंधन नाही, वेतनाचे इतर मार्ग मालकाला विचारावेत, अशी सूचना कार्डाबरोबर द्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातींत २००९ पासूनच्या वेतन संरक्षण व्यवस्थेत पगार बँका व विनिमय संस्थांमार्फत जातो, आणि अल्प वेतनाच्या कित्येक मजुरांना तो कार्डावर मिळतो. तेथील दृष्टी निराळी आहे. वेतन वेळेवर गेले की नाही हे शासनाला दिसावे, ह्यावर तेथे भर आहे. एका नियमावलीने निवड जपली, दुसरीने देखरेख साधली. आपल्या पंधराव्या कलमात ह्यांपैकी कोणता हेतू आहे, हे कलम वाचून सांगता येत नाही.

शुल्काचा मुद्दा वरकरणी क्षुल्लक, पण तो एका जुन्या स्पष्टीकरणाला भिडतो. अधिकृत कपातींखेरीज कोणतीही कपात न करता वेतन द्यावे, असे अठरावे कलम सांगते. आणि कामगाराने मालकाला वा मालकाच्या अभिकर्त्याला दिलेली रक्कम ही कपातच समजावी, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हे १९३६ पासून चालत आलेले आहे. आता एटीएममधून पैसे काढण्याची फुकट मर्यादा संपल्यावर दर खेपेस २३ रुपयांपर्यंत आकार घेण्याची परवानगी १ मे २०२५ पासून बँकांना मिळाली. मालकाने निवडलेली, मालकाच्या सोयीसाठी खाती उघडून देणारी बँक ही ह्या कामापुरती मालकाची अभिकर्ती मानावी काय? मानली तर तो आकार कपात ठरेल. प्रस्तुत लेखकाला हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटत नाही. वेतनाचे पाकीट कारकुनाने वाटले आणि वाटताना दोन रुपये ठेवून घेतले, तर ती कपात आहे ह्याविषयी कोणालाही शंका येणार नाही.

आता श्रीगोंद्याकडे येऊ. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. भीमा आणि घोड ह्या नद्या त्याच्या सीमेवरून वाहतात, तरी मुळात हा मुलूख जिराइती. घोड आणि कुकडी ह्या प्रकल्पांच्या कालव्यांनी येथे ऊस आला, आणि उसामागोमाग साखर कारखाने आले. दसरा उलटला की पाथर्डी, आष्टी, पाटोदा ह्या डोंगरपट्ट्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या अशा कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि पट्टा पडेपर्यंत पाचटाच्या कोप्यांत राहतात. येथे कोणत्याही एका कारखान्याच्या व्यवहाराची झडती घेण्याचा हेतू नाही. साखरपट्ट्यात सर्वत्र रूढ असलेली पद्धतच ह्या कलमापुढे ठेवून पाहावयाची आहे.

ही पद्धत अशी. कारखाना तोडणी-वाहतूक कंत्राटदाराशी करार करतो, कंत्राटदार मुकादमाशी बोली करतो, आणि मुकादम कोयत्यांशी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजुरी टनावर ठरते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही वाढलेली रक्कमही त्याच साखळीने खाली येते. साखळीच्या वरच्या भागात बँक आहे. शेवटच्या दुव्यात मुकादमाची वही आहे. हंगाम चालू असताना मजुराच्या हाती पडते ती आठवड्याची खर्ची, आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी वाढे विकून मिळतील ते पैसे. बाकी सारे उचलीच्या हिशेबात. बैलबाजारात भाव उपरण्याखाली बोटांनी ठरतो, पण पैसे उघड्यावर मोजून दिले जातात. फडातला व्यवहार ह्याच्या नेमका उलट आहे. भाव सर्वांना ठाऊक, आणि पैसे मोजलेले कोणी पाहिलेले नाहीत.

ह्या मजुराला १९३६ च्या कायद्याचा आधार जवळजवळ नव्हताच. तो कायदा कारखाने, रेल्वे व काही ठरावीक आस्थापना ह्यांपुरता होता. चहा-कॉफीचे मळे त्यात येत, उसाचा फड येत नसे. नव्या संहितेची व्याप्ती मात्र मोठी आहे. तिच्यातील ‘मालक’ ह्या शब्दाच्या व्याख्येत स्वतः वा अन्य कोणामार्फत माणसे कामावर ठेवणारा येतो, कंत्राटदारही येतो. आणि ‘कर्मचारी’ ह्या व्याख्येत वेतनाची मर्यादा नाही. तेव्हा ऊसतोडणी मजूर ह्या कायद्याच्या कक्षेत आहे असे म्हणावयास भक्कम जागा आहे. हे संहितेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. प्रश्न असा की, कक्षेत आल्यावर पंधराव्या कलमाकडून त्याला काय मिळते?

पहिली अडचण काळाची. सोळाव्या कलमानुसार वेतनकाल एका महिन्याहून अधिक असू शकत नाही, आणि कलम सतरा मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावयास लावते. म्हणजे वेतन कामानंतर येते हे ह्या कलमांचे गृहीत आहे. ऊसतोडीत वेतन कामाआधी येते. पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या सुमारास मजूर आपल्या गावी उचल घेतो आणि नंतरचे महिने ती फेडीत राहतो. संहितेच्या तेविसाव्या कलमाने उचलीचा विचार केलेला आहे, पण तो कसा? काम सुरू होण्यापूर्वी दिलेली उचल पहिल्या पूर्ण वेतनकालाच्या वेतनातून वसूल करावी, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली उचल वसूलच करू नये. अठरावे कलम तर एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ देत नाही. हे तिन्ही नियम एकत्र वाचले तर पहिल्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापलीकडे उरलेली उचल कशी वसूल करावयाची ह्याचे उत्तर मिळत नाही. मसुदाकाराच्या डोळ्यांपुढे दहावीस दिवसांच्या पगाराएवढी किरकोळ रक्कम होती. अख्ख्या हंगामाची उचल नव्हती.

ह्यातून दोन अर्थ निघतात. उचल हे कर्ज मानले, तर हंगामभर चालणारी तिची वसुली संहितेच्या बाहेर जाते आणि प्रश्न १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाच्या दारात जाऊन उभा राहतो. उचल हे आगाऊ दिलेले वेतनच मानले, तर वेतन देण्याचा खरा दिवस डिसेंबरात श्रीगोंद्याच्या फडात उगवत नाही. तो चार महिने आधी पाथर्डीच्या किंवा आष्टीच्या एखाद्या ओसरीवर उगवून गेलेला असतो. मग पंधराव्या कलमाने त्या दिवसाला लागू झाले पाहिजे. उचलच प्रत्येक मजुराच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाली पाहिजे. दुसरा अर्थ अधिक न्याय्य आहे असे आमचे मत आहे. हंगामातील खर्चीसाठी कार्ड वाटून आणि उचल रोखीत ठेवून कायदा पाळल्याचे समाधान मिळविणे सोपे आहे. ते होऊ नये.

दुसरी अडचण कोयत्याची. कायदा ‘कर्मचारी’ एकवचनात मोजतो आणि ‘त्याच्या’ खात्याविषयी बोलतो. फडात मोजण्याचे एकक मात्र जोडी आहे. जोडीचे वेतन एकाच नावावर पडते, आणि ते नाव पुरुषाचे असते. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर वाहून गाडीत चढविणे ह्या कामांतील मोठा वाटा स्त्रीचा असूनही तिचे वेतन तिला ‘दिले’ असे कोणत्याच कागदावर नसते. संहितेच्या तिसऱ्या कलमाने स्त्रीपुरुषांत वेतनाचा भेद करण्यास मनाई केली आहे. परंतु जिचे वेतन निराळे नोंदलेलेच नाही तिच्या बाबतीत भेद झाला की नाही हे तपासणार कसे?

तिसरी अडचण साक्षीदाराची, आणि आम्हांला ती सर्वांत गंभीर वाटते. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाच्या एकविसाव्या कलमात अशी तरतूद होती की, कंत्राटदार वेतन वाटत असताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी तेथे हजर राहावा आणि दिलेल्या रकमा त्याने प्रमाणित कराव्यात. वेतन हाताहाती होण्याच्या क्षणीच ते गळते, हे त्या मसुदाकाराला ठाऊक होते. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामाविषयीच्या प्रसिद्ध निकालात नेमके हेच पाहिले. रोजी ९ रुपये २५ पैसे जमादारांकडे दिले जात होते, जमादार एक रुपया आपल्या कमिशनाचा काढून घेत होते, आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत होते. न्यायमूर्ती भगवती ह्यांनी वेतन मजुरांना थेट दिले जावे असे बजावले आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदातील सक्तीचे श्रम होत, असे ठरविले. जमादार आणि मुकादम हे दोन शब्द येथे एकमेकांच्या जागी सहज ठेवता येतील. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने साक्षीदाराची ती तरतूद पुढे नेली नाही. कंत्राटदाराने बँकेतून अथवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने वेतन द्यावे आणि किती दिले हे मुख्य मालकाला इलेक्ट्रॉनिक रीतीनेच कळवावे, एवढे तिने सांगितले. कळविणारा कंत्राटदारच. माणूस जाऊन निरोप आला.

खाते हे साक्षीदाराचे काम करू शकते, हे मान्य आहे. बँकेची नोंद मुकादमाच्या वहीप्रमाणे एकतर्फी बदलता येत नाही. हिशेबाच्या दिवशी मजुराजवळ स्वतःचा कागद असणे, ही ऊसतोडीच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे. म्हणून खात्याला वा कार्डाला सरसकट विरोध करणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. परंतु नोंद साक्ष देते ती पैसे जमा झाल्याची. ते कोणी काढले ह्याची नव्हे. कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक मुकादमाच्या खिशात असेल, किंवा कोपीपासून एटीएम इतके दूर असेल की तेथे जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागेल, तर बँकेची नोंद खरी असूनही मजुराला वेतन मिळालेले नसते. बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढण्याची सोय आहे, पण कष्टाच्या कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पुष्कळदा ओळखीत नाही. आणि पंधरावे कलम ह्या मजुराला सांगते की तुझे वेतन दिले गेले आहे. रोख देणाऱ्या मुकादमाविरुद्ध त्याला निदान ‘मला पैसे मिळाले नाहीत’ असे म्हणता येत होते. आता त्याच्याविरुद्ध त्याच्याच खात्याचा उतारा उभा राहील.

हे दोष कलम न बदलताही बरेचसे दूर करता येण्याजोगे आहेत, कारण संहितेने उचलीच्या वसुलीच्या काही अटी आणि नोंदींची रूपे नियमांवर सोपविली आहेत. पन्नासाव्या कलमानुसार मालकाने कर्मचाऱ्याला वेतनचिठ्ठी द्यावयाची आहे. त्यातून सूट मिळते ती शेतीसाठी अगर घरकामासाठी पाचांहून अधिक माणसे न ठेवणाऱ्या मालकाला, आणि मुकादमाची टोळी बहुधा ह्याहून मोठी असते. पण वेतनचिठ्ठी लिहावयाची तर प्रत्येकाने किती टन तोडले हे कोठेतरी लिहिलेले पाहिजे. वजनकाट्यावरच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, वाहनाचा क्रमांक असतो. मोळ्या बांधणाऱ्या बाईचे नाव नसते. राज्य शासनाने नियम करताना त्या पावतीला टोळीतील नावांची यादी जोडण्याची सक्ती करावी, आणि निराळा लेखी करार नसेल तेथे कोयत्याचे वेतन, उचलीसकट, निम्मे-निम्मे दोघांच्या दोन खात्यांवर जमा करावयास लावावे.